समुद्रस्नान : अर्धा तास

जहाज गुरुवारी सकाळी नऊला दिली शहराच्या बंदरात लागणार होतं आणि संध्याकाळी पाचला सुटणार होतं. मधल्या आठ तासांत अडतीस पाहुण्यांना अख्खी राजधानी दाखवून, खाऊपिऊ घालून, एकही माणूस न हरवता परत जहाजावर चढवायचं, हे काम ओलिंदाच्या गळ्यात पडलं होतं. गळ्यात पडलं म्हणजे तिनंच ते मागून घेतलं होतं. लेसिदेरेच्या किनाऱ्यालगत दोन खोल्यांत चालणाऱ्या त्या छोट्याशा पर्यटन कचेरीत सहा वर्षं ती किरकोळ कामं करत आली होती. विमानतळावरून दोघातिघांना आण, डोंगरातले कॉफीचे मळे दाखव, असली. एवढी मोठी सहल आखायची तिची पहिलीच वेळ.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तिनं दिवस मांडला. सव्वानऊला स्वातंत्र्यलढ्याचं संग्रहालय. मग सांताक्रूझची दफनभूमी, जिथं लढ्यात सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या होत्या. तिथं घाई करायची नाही. मग हातमागाच्या कापडाचा बाजार, तिथं मात्र घाई केल्याशिवाय कुणी बाहेर निघत नाही. साडेबाराला किनाऱ्यावर बसून भाजलेली मासळी आणि नारळाच्या झावळीत बांधून शिजवलेला भात. दुपारी शहराच्या पूर्व टोकाला डोंगरावर हात पसरून उभा असलेला ख्रिस्त. पायऱ्या पाचशेवर, म्हणून तिथं दीड तास धरला.

मालक नेल्सन तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान होता. त्यानं कागद उचलून वाचला, खूश झाला, आणि खिशातलं पेन काढून ख्रिस्ताच्या खाली एक ओळ जोडली : समुद्रस्नान, अर्धा तास.

"पुतळ्याच्या मागचा किनारा, ताई. जहाजवाल्यांनी खास विचारलंय. थंड देशातली माणसं, त्यांना पाणी दिसलं की राहवत नाही."

ओलिंदानं ती ओळ दोनदा वाचली.

"तिथं दगड फार आहेत," ती म्हणाली.

"कुठले दगड? गादीसारखी वाळू आहे."

"लाटा असतात."

"मागच्या बाजूला? ताई, तिथं पाणी ताटात वाढल्यासारखं असतं."

दारात उभ्या असलेल्या ड्रायव्हर झाकारियासकाकानं घसा खाकरला. "आजोबा येतात तिकडे," तो हळूच म्हणाला. साठी उलटलेला काका 'मगर' हा शब्द कधी तोंडातून काढत नसे. त्याच्या वयाचं कुणीच काढत नसे.

नेल्सन हसला. "येऊ देत की! पाहुणे अंगाला एवढं मलम फासतात, आजोबा वास घेऊनच परत फिरतील. काका, दोन वर्षांत त्या किनाऱ्यावर कुणाच्या केसाला धक्का लागलेला नाही. दर रविवारी अर्धं गाव तिथं डुंबत असतं. काय ताई, खरं की नाही?"

आत्ता बोलायला हवं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण बोलायचं म्हणजे मागचं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते तिनं सतरा वर्षांत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. "खरंय," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

तिचा भाऊ अमारो तापानं गेला, असं दिलीत सगळ्यांना माहीत होतं. तो तापानं गेला नव्हता. दक्षिण किनाऱ्यावर, विकेके शहराच्याही खाली, त्यांच्या गावाजवळ नदी समुद्राला मिळते तिथं तो कमरेइतक्या पाण्यात जाळं फेकत होता. वीस वर्षांचा होता. सतरा वर्षांची ओलिंदा टोपली घेऊन काठावर बसली होती. तिला पाण्यात एक ओंडका दिसला. ओंडका प्रवाहाच्या उलट येत होता, हेही तिला दिसलं. तिनं ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. पुढं जे झालं ते एका श्वासात झालं. जाळं तेवढं पाण्यावर पसरून राहिलं.

पण त्याहून वाईट नंतर झालं. गावातली माणसं बसायला आली, मेणबत्त्या लावल्या, आणि जाताजाता कुजबुजली : आजोबा उगाच कुणाला नेत नाहीत. हे बेटच एका मगरीच्या अंगाचं झालेलं, आपण सगळी तिची नातवंडं. निर्दोष नातवाला आजोबा हात लावत नाहीत. मग अमारोनं काय केलं असेल? कुणाची गाय चोरली? कुणाच्या बायकोकडे पाहिलं? महिनाभरात पाच-सहा गुन्हे त्याच्या नावावर जमा झाले. आईनं एक दिवस गाठोडं बांधलं, लेकीचा हात धरला आणि ट्रकवर बसून राजधानी गाठली. वाटेत तिनं एकदाच तोंड उघडलं. "कुणी विचारलं तर ताप म्हणायचं."

रात्रभर ओलिंदाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. मिटले की ताटासारखं सपाट पाणी दिसे, त्यात अडतीस पांढरी डोकी, आणि मधूनच एक ओंडका.

मंगळवारी रंगीत तालीम ठरली होती. प्रत्येक ठिकाणी किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं. पाहुणे सगळे साठीसत्तरीचे, म्हणून नेल्सननं आपल्या आईलाच बरोबर पाठवलं. कुस्तोदियामावशी अडुसष्ट वर्षांच्या, पाय सुजलेले, तोंडात कायम विडा, आणि जीभ विड्याहून तिखट.

"म्हाताऱ्यांचं घड्याळ म्हातारीलाच कळतं," गाडीत चढता चढता त्या म्हणाल्या. "झाकारियास, ही गाडी आहे की कोंबड्यांची पाटी? जरा हळू हाक."

"मावशी, अजून चालूच केली नाही."

"म्हणूनच आधी सांगतेय."

सकाळ ठीक गेली. संग्रहालयात मावशींना पंचवीस मिनिटं जास्त लागली, कारण त्या प्रत्येक फोटोपाशी थांबून त्यातली माणसं कुणाची कोण ते सांगत होत्या. दफनभूमीत त्या काहीच बोलल्या नाहीत. बाजारात त्यांनी तीन बायकांशी भांडण काढलं आणि तिघींकडून पेरू घेतले. ओलिंदा वहीत मिनिटं टिपत होती, हसायला हवं तिथं हसत होती. पण सूर्य जसजसा माथ्यावरून ढळू लागला तसतशी तिची मिनिटं चुकायला लागली. जेवताना तिनं मासळी नुसती चिवडली.

"डाएट करतेस?" मावशींनी विचारलं. "का कुणी भेटलाय?"

"नाही मावशी. ऊन लागलंय जरा."

"ऊन लागलेल्याचा चेहरा लाल होतो. तुझा तर पिठासारखा झालाय."

पुतळ्याच्या पायऱ्या चढताना मावशी निम्म्यावर थांबल्या. वर ख्रिस्त, खाली दोन्हीकडे समुद्र, आणि उन्हानं पिवळे पडलेले डोंगर. "देवाला इथूनच दिसते मी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "लिहून घे, निम्मे जण इथंच बसणार. त्यांच्यासाठी पाणी ठेव." ओलिंदानं लिहून घेतलं. मग मावशींनी डोंगराच्या पलीकडे बोट दाखवलं. मागच्या किनाऱ्याकडे उतरणारी वाट तिथूनच फुटत होती. "आता ते समुद्रस्नानाचं बघू."

"तिथं जायची गरज नाही, मावशी. मला अंदाज आहे."

"अंदाजावर माझा नवरा गाडी चालवायचा. चल."

झाकारियासकाका खाली गाडीपाशी थांबला होता. त्या दोघीच उतरल्या. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. मंगळवारच्या दुपारी कोण येणार? पाणी खरंच ताटात वाढल्यासारखं होतं, काठाशी हिरवट, पुढं निळं. झाडाला ठोकलेल्या धोक्याच्या पाटीवरचा रंग उडाला होता. चितारलेल्या मगरीचा जबडा तेवढा उरला होता. ओलिंदा पाटीच्या पुढं एक पाऊल टाकायला तयार नव्हती. ती तिथंच वाळूत बसली.

"मी घड्याळ लावते, मावशी. तुम्ही इथंच माझ्यापाशी बसा."

"बसायला आले का मी? पाय बघ कसे भोपळ्यासारखे झालेत. खारं पाणी लागलं की उतरतील." आणि मावशींनी चपला काढल्या, लुंगीसारखं गुंडाळलेलं वस्त्र गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि सरळ पाण्यात शिरल्या.

"मावशी, नको!"

"घोट्याइतकंच गं!"

घोट्याइतक्याचं नडगीइतकं झालं, नडगीइतक्याचं गुडघ्याइतकं. मावशी समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या आणि आपल्याशीच काहीतरी गुणगुणत होत्या. ओलिंदा पाणी बघत होती. श्वास मोजत बघत होती. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. काही नव्हतं. काही नव्हतं. पुन्हा काही नव्हतं.

मग होतं.

खडकांच्या टोकाला, मावशींपासून तीस-पस्तीस हातांवर, पाण्यात एक काळपट ठिपका. त्याच्या मागं थोडं अंतर सोडून आणखी एक. वाऱ्यानं पाण्यावरचा पालापाचोळा खडकांकडे सरकत होता, आणि ते ठिपके खडकांकडून इकडे येत होते. पाण्यावर तरंगसुद्धा उमटत नव्हता.

ओलिंदानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. अगदी तसंच झालं.  हातपाय आपले राहिले नाहीत, कानांत फक्त स्वतःच्याच काळजाचे ठोके. तिला टोपली दिसली, पसरलेलं जाळं दिसलं. ठिपके वीस हातांवर आले आणि एकाएकी पाण्याखाली गेले. दिसत होते तोवर भीती त्या ठिपक्यांएवढीच होती. आता सगळा समुद्रच तो ठिपका झाला.

ती कधी उठली ते तिला नंतरही आठवलं नाही. आठवलं ते एवढंच की पाणी पायाला लागलं तेव्हा ते कोमट होतं, आणि तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघत होता, रेड्याच्या रेकण्यासारखा. तिनं मावशींच्या काखेत मागून हात घातले आणि ओढलं. मावशी जड होत्या. पहिल्या हिसक्याला दोघीही पाण्यात बसल्या. मावशी ओरडल्या, "अगं, वेड लागलं का तुला?" ओलिंदानं पुन्हा ओढलं, माणूस पोतं ओढतो तसं, पाठमोरी, डोळे पाण्यावर. ओली वाळू, मग कोरडी वाळू, आणि तरी ती थांबेना. त्या पाटीच्या झाडापर्यंत मावशींना तिनं फरफटत नेलं.

तेव्हा ते वर आलं. मावशी जिथं उभ्या होत्या नेमक्या तिथं, गुडघाभर पाण्यात. आधी नाक, मग डोळे, मग होडी उलटी घातल्यासारखी लांबच्या लांब पाठ. त्यानं काही केलं नाही. नुसतं पडून राहिलं, पिवळ्या डोळ्यांनी किनाऱ्याकडे बघत. तीन माणसं एकापुढं एक निजवावीत एवढं लांब होतं.

मावशींच्या तोंडातला विडा गळून पडला. त्यांनी छातीवर क्रूस काढला, आणि मग वाळूत गुडघे टेकून, हात जोडून, लहान मुलीच्या आवाजात म्हणाल्या, "आजोबा, चुकलं हो. न विचारता तुमच्या अंगणात आले. जाते मी." त्यांचा हात ओलिंदाच्या मनगटाभोवती असा आवळला होता की पुढं चार दिवस तिथं काळंनिळं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. ते मागं सरलं, वळलं आणि निळ्या पाण्यात दिसेनासं झालं. दोघी उठून चढावर धावल्या. मावशींचे भोपळ्यासारखे पाय कसे धावले ते त्यांचं त्यांनाच माहीत. वाट फुटते त्या वळणावर त्या मट्‌कन पायरीवर बसल्या. चपला खालीच राहिल्या होत्या.

श्वास जुळल्यावर मावशी म्हणाल्या, "आम्ही दहा पिढ्यांचे इथले. मला दिसलं नाही, तुला दिसलं. पाणी बघायला तुला कुणी शिकवलं?"

ओलिंदानं नाही म्हणायला मान हलवली, आणि ती मान हलतच राहिली. मग तिला रडू फुटलं. रडता रडताच तिनं सांगितलं. नदीचं मुख, जाळं, टोपली, न फुटलेला आवाज, गावातली कुजबुज, ट्रक, ताप. सांगून झाल्यावर तिनं मावशींकडे बघायचं टाळलं. आता त्या विचारतील, तिला वाटलं. काय केलं होतं गं त्यानं?

 पण मावशी खाली समुद्राकडे बघत होत्या. मग त्यांनी ओलिंदाला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, समुद्राला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पुटपुटल्या, "लढ्याच्या वेळी मी आपल्यातल्याच एकाचं नाव सांगितलं होतं शत्रूच्या सैनिकांना. माझी पोरं वाचवायला. तो परत आला नाही. आज मी गुडघाभर पाण्यात उभी होते, आणि मला सोडलं. तुझ्या भावाला नेलं, वीस वर्षांच्या पोराला. कसला न्याय आणि कसले आजोबा! भूक असते, एवढंच." लगेच त्यांनी पुन्हा क्रूस काढला आणि भेदरलेल्या डोळ्यांनी पाण्याकडे पाहिलं. "हे मी बोलले असं कुणाला सांगू नकोस. त्या पाण्यातल्यालाही नको."

"नाही सांगणार."

"नेल्सनलाही."

"नाही, मावशी."

कचेरीत पोचेपर्यंत चार वाजले होते. नेल्सन दारातच उभा होता. "किती मिनिटं लागली? एकूण किती—" आणि त्याची नजर आईच्या अनवाणी पायांवर, चिखलवाळूनं माखलेल्या कपड्यांवर गेली. "हे काय झालं?"

"तुझं समुद्रस्नान झालं," मावशी म्हणाल्या आणि खुर्चीत कोसळल्या.

सांगितलं ओलिंदानं. या वेळी तिला शब्दांसाठी धडपडावं लागलं नाही. ती सांगत असताना नेल्सनच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं. "अख्ख्या जहाजाला कळवलंय मी," तो क्षीणपणे म्हणाला. "त्यांनी छापलंसुद्धा असेल."

"मग खोडायला सांग. आणि नेल्सन, मी तुला काल सांगायला हवं होतं. माझा भाऊ तापानं गेला नाही. त्याला मगरीनं नेलं. मी काठावर होते."

झाकारियासकाका दारात होता. तिला तो एक क्षण सगळ्यात भयंकर गेला, किनाऱ्यावरच्या क्षणाहूनही. कारण काका तिच्या आईच्या वयाचा, जुन्या वळणाचा. त्यानं टोपी काढली. "कुठल्या नदीवर, पोरी?" त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. "तिथं माझाही मामा गेला," तो म्हणाला. "आम्ही घरात झाडावरून पडला म्हणतो."

नेल्सननं पेन काढलं आणि आपली ओळ स्वतः खोडली, इतक्या जोरात की कागद फाटला. मग तो पोलिसांना फोन लावायला आत गेला. त्याच संध्याकाळी त्या वाटेवर दोरी बांधून माणूस उभा केला गेला.

गुरुवारी जहाज वेळेवर आलं. अडतीसच्या जागी एकेचाळीस उतरले, त्यामुळे मासळी कमी पडली आणि काका धावत जाऊन शेजारच्या चुलीवरची घेऊन आला. पुतळ्याच्या निम्म्या वाटेवर वीस जण बसकण मारून राहिले. मावशींचा हिशोब अर्ध्या माणसानं चुकला. दोरीपाशी एका उंच म्हाताऱ्या बाईनं ओलिंदाला गाठलं. गळ्यात पंचा, आत पोहायचे कपडे घालूनच आलेली. कागदावर तर पोहणं होतं, ती कुरकुरली, पाणी तर किती शांत दिसतंय.

 सकाळपासून ओलिंदा समुद्राकडे पाठ करूनच उभी राहत होती. तिनं वळून पाणी पाहिलं, आणि सरळ शब्दांत सांगितलं. इथं मगर आहे. परवा मी ती पाहिली. सतरा वर्षांपूर्वी माझ्या भावाला अशाच शांत पाण्यातून एका मगरीनं नेलं. त्याचं नाव अमारो होतं.

 बाईनं पंचा घडी करून पिशवीत घातला आणि पायरीवर ओलिंदासाठी जागा करून दिली. पण बसायला वेळ नव्हता. डोकी मोजायची होती. ओलिंदानं ती दोनदा मोजली, जहाजाच्या शिडीपाशी तिसऱ्यांदा. एकेचाळीस. जहाज पाच वाजून दहा मिनिटांनी सुटलं.

घरी आई मका आणि भोपळा शिजवत होती. ओलिंदा चुलीपाशी बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं, मंगळवारपासूनचं. मावशींचं गुपित तेवढं गाळलं. आई ढवळत राहिली. ताप म्हणायचं ठरलं होतं ना, असं ती म्हणेल म्हणून ओलिंदा अंग चोरून बसली होती.

"त्या बाईला तू नाव सांगितलंस त्याचं?" आईनं विचारलं.

"हो."

"नुसतं अमारो?"

"हो, आई."

आईनं पळी खाली ठेवली. सतरा वर्षांत ते नाव या घरात मोठ्यानं कुणी उच्चारलं नव्हतं. तिनं दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना ते बघितल्यासारखं, आणि मग उठून दार सताड उघडलं. शेजारीण अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

"अमारो मारिया द जेझुस सोआरेस," आई म्हणाली, शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.  "पूर्ण नाव सांगत जा."